नावापुढचा शब्द

महाड, ४ एप्रिल १९९८

कु. अनुपमा हिला,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा अर्ज आपल्या मंडळीच्या पंच कमिटीपुढे ठेवला. तू ज्या मिशन दवाखान्यात वर्षभर हंगामी काम करते आहेस तिथे तुला कायम करणार आहेत, हे वाचून समाधान वाटलं. त्यासाठी १५ मेच्या आत आमच्याकडून बदलीपत्र हवं, म्हणजे तू इथली चांगल्या वर्तणुकीची सभासद होतीस असा दाखला हवा, हेही समजलं.

परंतु कळवण्यास खेद होतो की तसा दाखला देता येत नाही. जून १९९६ पासून तुझं नाव शिस्तीखाली आहे. नावापुढे 'जारकर्म' असा शब्द नोंदलेला असून तू पश्चात्तापाचा अर्ज अद्याप दिलेला नाहीस. तो दिल्यास, म्हणजे पाप कबूल केल्यास, फेरविचार होईल. तुझ्याबरोबर नाव लागलेल्या राजेंद्रनं तेव्हाच अर्ज दिला होता, त्यामुळे त्याचं नाव महिन्याभरात उठलं. तो पूर्वीप्रमाणे उपासनेला पेटी वाजवतो.

हे झालं सेक्रेटरी म्हणून. आता शेजारचा काका म्हणून सांगतो. दोन ओळी लिहून टाक, पोरी. कागदाला काय कळतं? चौकशीत तू म्हणालीस की तू ओरडलीस. पण ऐकलं म्हणणारा एकही माणूस निघाला नाही, त्याला कमिटीनं काय करावं? मी तुझ्या खोलीच्या वरच राहतो हे खरं, पण त्या वेळी आमचा रेडिओ चालू होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

जानकीकाकू तुझी आठवण काढते. तिची तब्येत बरी नसते. दोन वर्षं प्रभुभोजनाची भाकर आणि प्यालासुद्धा घेत नाही. पित्ताचं असावं.

तुझा,
श्रीपत
(सेक्रेटरी)


महाड, १६ एप्रिल

अनुपमा,

तुझं कार्ड मिळालं. असल्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहितात का? आमचा पोस्टमन वाचल्याशिवाय कार्ड टाकत नाही, मग चाळीतल्या चौघांना सांगतो. ना सलाम, ना सही. एकच ओळ: "काका, त्या दुपारी लाईट नव्हती. रेडिओ कशावर चालू होता?"

रेडिओ सेलवर चालतो. बाजारात मिळतात सेल. अडतीस वर्षं मी तहसील कचेरीत काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, पण माझी अशी उलटतपासणी कोणी घेतली नव्हती.

आणि शब्दांबद्दल म्हणशील, तर ते तुला मीच शिकवले. तू डी.एड. करत होतीस तेव्हा तरुण संघाच्या वर्गाला येऊन बसायचीस. पौलाच्या पत्रातली देहाच्या कर्मांची यादी मी फळ्यावर लिहिली होती. व्यभिचार म्हणजे लग्नाचा करार मोडणं. जारकर्म म्हणजे लग्नाबाहेरचं सगळंच. पाळकसाहेबांच्या मोठ्या कोशात दिलंय की मूळ ग्रीक शब्द बाजारात शरीर विकण्यावरून आला आणि पुढे त्या पिशवीत लोकांनी वाटेल ते कोंबलं. अशुद्धपणा म्हणजे मनापासून शरीरापर्यंत मळणं. कामातुरपणा म्हणजे मळल्याचीही लाज उरली नाही अशी अवस्था. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तू हात वर केलास. "काका, यातल्या प्रत्येकात माणूस आपल्या मनानं जातो. ज्याला नकोच असतं, त्याच्यासाठी कुठला शब्द?" मी म्हणालो, असले प्रश्न मुलींनी विचारू नयेत. बाकीचे हसले.

आता वाटतं, तू तेव्हापासूनच वाकडी.

मला किळस येते या प्रकरणाची. दोन वर्षं झाली, लोक विसरले, आणि तू परत तेच उकरून माझ्या ताटासमोर आणून ठेवतेस. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर मोडण्यापूर्वी शिस्तीखालच्यांची यादी वाचायची असते, ती वाचतो मी. नाव आणि शब्द. मला काय हौस आहे? पूर्वीपासूनची रीत आहे.

अर्ज पाठव. मुदत जवळ आली आहे.

श्रीपत


महाड, २६ एप्रिल

अनुपमा,

आज जेवलो नाही. काकूनं पान वाढलं होतं, ते तसंच झाकून ठेवलंय.

काल पोलादपूरला जाऊन आलो. कमिटीची महिन्याची बैठक येसाजीरावांकडेच असते. ते मुख्य पंच, खडीच्या क्रशरचे मालक, आणि राजेंद्रचे सख्खे काका. बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, मुलीच्या पोटाचा प्रश्न आहे, जारकर्माच्या जागी 'शिस्तभंग' असं काही मोघम लिहू आणि दाखला देऊन मोकळे होऊ. बघ, तेव्हाही मी मोघमच शोधत होतो.

येसाजीराव हसले. म्हणाले, "श्रीपतराव, शब्द शास्त्रातला आहे. तुमच्या कचेरीतला नाही." मग शेजारच्या पंचाला कोपर मारून म्हणाले, "तुम्हाला आठवतं ना, कडीचं काय सांगितलं होतं तिनं?" आणि ते सगळे पुन्हा सुरू झाले. कडी आतून होती की बाहेरून. साडी होती की पंजाबी ड्रेस. दोन वर्षांनंतरही एकेकाला तपशील तोंडपाठ! राजेंद्रची बायको आत चहा गाळत होती, एकत्रच कुटुंब त्यांचं, तिला ऐकू जात असणार. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आलो, तोवर चहा आणि खारी आली होती, आणि मी ती खाल्ली.

परत आल्यावर त्या चौकशीचं इतिवृत्त काढून वाचलं. माझंच अक्षर, छान वळणदार. तू पाळकसाहेबांकडे तक्रार घेऊन गेलीस, त्यांनी ती कमिटीकडे दिली, विश्वासणाऱ्यांनी आपले वाद परक्यांच्या कोर्टात नेऊ नयेत म्हणून पोलिसांकडे जायचं नाही असं ठरलं. तुला कमिटीच्या सात पुरुषांच्या मधोमध लोखंडी खुर्चीवर बसवलं. येसाजीराव "सविस्तर सांग" म्हणाले तेव्हा त्यांनी हातातली बशी खाली ठेवली होती, हे मी लिहिलेलं नाही, पण मला आठवतं. तू सांगत होतीस आणि एकजण ओठ पुसत होता. तुझं सांगून झालं, तर त्यानं "परत एकदा, नीट" म्हटलं. इतिवृत्तात एवढंच आहे: 'खुलासा दोनदा घेतला.'

मग शब्द कुठला लावायचा यावर तासभर वाद. राजेंद्रचं लग्न झालेलं, म्हणून त्याचा व्यभिचार. तुझं झालेलं नाही, म्हणून तुझं जारकर्म. एकानं कामातुरपणाही जोडा म्हणून आग्रह धरला, कारण तू रडली नाहीस. चिवड्यात मीठ किती घालावं यावर बायका बोलतात तसे बोलत होते. त्या शब्दांचे अर्थ त्या खोलीत सगळ्यात चांगले मला येत होते, आणि मी मान खाली घालून जे सांगतील ते लिहीत होतो.

त्यांनी तुला विचारलं होतं, "ओरडलीस म्हणतेस, मग हाक कोणाला मारलीस?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. 'उत्तर दिले नाही' असं मी लिहिलं.

पोलादपूरहून येताना महाडच्या स्टँडवर राहीबाई भेटली. तीच, तुझ्या शेजारच्या खोलीतली, आता मुलाकडे वरंधला असते. तिनं तुझी चौकशी केली आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "मी त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला गेलेली, नायतर दरवाजा फोडला असता. पन काका, तुमी तर वरच होता. नाय ऐकलं काय?"

मी म्हणालो, "रेडिओ चालू होता गं."

तिनं पिशवी खाली ठेवली. "तुमचा रेडिओ? तो तर दिवाळीपासून मुका पडला होता. काकू माज्या पोराला सेल आनाया सांगत होत्या, तुमी म्हनलात कशाला खर्च." मग ती पिशवी उचलून भोरच्या गाडीकडे निघून गेली. निरोप घेतला नाही.

सेल नव्हते, अनुपमा. आज एवढंच लिहवतं.

श्रीपत


महाड, १ मे

अनुपमा,

तुझं उत्तर नाही. येऊ नये हेच बरं. हे पत्र वाचून तू चुलीत घातलंस तरी चालेल, पण आधी वाच.

मे महिन्यातला दुसरा रविवार होता. उपासना आटोपून घरी आलो, येताना मटण आणलं होतं. काकूनं वाटण लावून रस्सा केला, तांदळाची भाकरी केली. दोनच्या सुमारास पानं वाढली आणि लाईट गेली. पंखा थांबला. मेच्या दुपारी लाईट गेली की चाळ किती शांत होते, तुला माहीत आहे. खाली तुझ्या खोलीत राजेंद्रचा आवाज आला. तो गाण्यांची वही न्यायला येणार हे तू सकाळीच सगळ्यांसमोर बोलली होतीस. मग काहीतरी पडलं, स्टीलचं. मग तू ओरडलीस. मग पुन्हा ओरडलीस.

माझ्या हातात घास होता. काकू म्हणाली, "अहो, खाली बघा ना." मी म्हणालो, "दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडायचं? येसाजीरावांचा पुतण्या आहे तो." आणि मी तो घास तोंडात घातला. रस्सा गार होत होता.

हे खरं कारण आहे. मी खूप शोधलं, काही मोठं सापडतं का, भीती, दडपण, मंडळीची अब्रू. ते सगळं नंतरचं. त्या घटकेला मला माझं मटण गरम हवं होतं. मी नळी फोडून खाल्ली. जिना बारा पायऱ्यांचा आहे.

काकूनं हात धुतला आणि तिचं पान तसंच उचललं. तेव्हापासून ती भाकर आणि प्याला घेत नाही. पित्त वगैरे काही नाही, मी तुला खोटं लिहिलं. ती म्हणते, "मी पण ऐकलं आणि बसून राहिले, मी कुठल्या तोंडानं घेऊ?" मी मात्र दर महिन्याला घेतली. तुझं नाव आणि तो शब्द वाचायचा, वही मिटायची, आणि भाकरीला हात पुढे करायचा. तेवीस वेळा. स्वतःच्या तोंडाची एवढी घाण मला कधी वाटली नव्हती. आताशा दात घासताना उलटी येते.

आता शास्त्राचं सांगतो, कारण तुझा प्रश्न राहिलाय. येसाजीरावांनी चौकशीत नियमशास्त्राचं पाचवं पुस्तक उघडून बाविसाव्या अध्यायातलं वाचलं होतं. लग्न ठरलेल्या मुलीबद्दल आहे ते: गावात तिच्याशी असं झालं आणि ती ओरडली नाही, तर तीही दोषी. ते वाचून त्यांनी पुस्तक मिटलं. त्याच्या खालीच लिहिलंय की हे रानात घडलं तर मुलीला काही करू नका, तिच्याकडे पाप नाही. ती ओरडली असेल, वाचवणारं कोणी नव्हतं. आणि त्याच जागी म्हटलंय की ही गोष्ट एखाद्यानं शेजाऱ्यावर उठून त्याचा जीव घ्यावा तशी आहे. समजलं तुला? शास्त्रानं ते व्यभिचाराच्या रांगेत ठेवलेलंच नाही. जारकर्माच्याही नाही. खुनाच्या शेजारी ठेवलंय. तू वर्गात विचारलं होतंस ना, ज्याला नकोच असतं त्याच्यासाठी कुठला शब्द? फळ्यावरच्या यादीत तो नव्हता, कारण त्या यादीत तुझी जागाच नव्हती. जीव घेतला गेला त्याला कोणी पापाचं नाव विचारत नाही.

मला हे तेव्हा माहीत होतं. पान कुठलं, ओळ कुठली, सगळं. येसाजीरावांनी पुस्तक मिटलं आणि मी टाक उचलला.

गाव आणि रान वेगळं का केलं असेल, यावर मी कालपासून विचार करतोय. लिहिणाऱ्याला खात्री होती की गावात बाई ओरडली तर कोणीतरी धावणारच. ऐकणारा माणूस वर बसून रस्सा ओरपत राहील, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. महाडात, भर दुपारी, बारा पायऱ्यांवर तुझ्यासाठी मी रान केलं.

मी क्षमा मागत नाही. मागायला तोंड लागतं. परवा पहिला रविवार आहे. यादी माझ्याकडे आहे.

श्रीपत


महाड, ४ मे

अनुपमा,

काल काय झालं ते क्रमानं लिहितो. माझी सवय आहे, इतिवृत्त लिहिण्याची. हे मात्र खरं आहे.

पाळकसाहेबांनी मेजावरचा रुमाल काढला, भाकर दिसू लागली, आणि माझ्याकडे मान केली. मी वही घेऊन उभा राहिलो. सध्या यादीत तुझं एकटीचंच नाव आहे. मी म्हणालो, "अनुपमा. हिच्या नावापुढचा शब्द मी लिहिला. तो खोटा आहे. ती ओरडली होती आणि मी ऐकलं होतं." मग मी वाचत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. "राजेंद्र. ह्याच्या नावापुढे व्यभिचार लिहून एका महिन्यात पुसला. त्यानं जे केलं त्याला शास्त्र खुनासारखं म्हणतं. श्रीपत. खोटी साक्ष."

राजेंद्रचा हात पेटीच्या भात्यावर होता. एक सूर उगाच लांबला आणि बंद पडला. येसाजीराव उठून म्हणाले, "श्रीपतराव, ऊन लागलंय तुम्हाला. बसा खाली." मग मंडळीकडे वळून, "वय झालंय त्यांचं." दोघा-चौघांनी माना हलवल्या. मलाही क्षणभर वाटलं, बसावं. इतकी वर्षं बसतच आलो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकू उभी राहिली. तिला मी चारचौघांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "ऊन बिन काही नाही लागलेलं. मीपण ऐकलं. मी यांना म्हणाले खाली जा. हे उठले नाहीत, आणि मग मीपण उठले नाही." आणि ती उभीच राहिली.

मला वाटलं होतं धक्का बसेल, रडारड होईल. तसं नाही झालं. त्यांचे चेहरे मी पाहिले, अनुपमा. त्यातल्या कितीतरी जणांना आधीपासूनच माहीत होतं. चाळीत आम्ही काही दोघंच राहत नव्हतो. आम्ही सगळेच दोन वर्षं तुझ्या नावावर पाय देऊन त्या मेजाकडे जात होतो.

पाळकसाहेबांनी रुमाल उचलला आणि भाकर परत झाकली. "आज नको," एवढंच म्हणाले. काल महाडात कोणालाच मिळाली नाही. राजेंद्र मागच्या दारानं गेला. त्याची बायको त्याच्याबरोबर गेली नाही, ती काकूजवळ येऊन बसली. येसाजीरावांनी माझ्या हातातून वही ओढून घेतली. आता मी सेक्रेटरी नाही आणि सभासद राहीन असं वाटत नाही. आज सकाळी चाळीच्या नळावर मला जागा द्यायला कोणी आपली बादली सरकवली नाही. ठीक आहे.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. बदलीपत्र सही-शिक्क्यासह सोबत जोडलं आहे. त्यात तुझ्या नावापुढे काही नाही, फक्त नाव आहे. सही करून त्यांनी शिक्का मारला. म्हणाले, "मी तेव्हाच तुम्हाला एकट्याला गाठून विचारायला हवं होतं." मी म्हणालो, "विचारलं असतंत तरी मी रेडिओच सांगितला असता."

तुझ्या आईला भेटायला काकू उद्या उमरठला जाणार आहे. मी येऊ का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही कशाला? तिला जेवण जाईल तेवढं तरी जाऊ दे."

दुसरा कागद स्टँपपेपर आहे. तो तुझा. पोलिसांत जायचं असेल तर घेऊन जा, नसेल जायचं तर फाडून टाक. ते तू ठरवायचं, यापुढे तुझ्यासाठी कोणतीही कमिटी काही ठरवणार नाही. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर मी येईन. काकूही येईल. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. चौकशीत तू ती सांगितली नाहीस तेव्हा मला वाटलं, पोरीनं मला वाचवलं. तसं नव्हतं. तू मला स्वतःहून बोलण्याची जागा ठेवली होतीस, आणि मी तिथे 'उत्तर दिले नाही' असं लिहिलं. ती गोष्ट आता कागदावर आहे.

श्रीपत


(सोबतचा कागद)

मी, श्रीपत, वय ६०, निवृत्त अव्वल कारकून, राहणार महाड, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, दिनांक १२ मे १९९६ रोजी दुपारी दोनच्या सुमारास मी माझ्या घरी जेवत होतो. वीज गेलेली होती. रेडिओ बंद होता. खालच्या खोलीतून कु. अनुपमा हिचा ओरडण्याचा आवाज मला तीन वेळा स्पष्ट ऐकू आला. पहिल्या दोन वेळा ती "नको" असं ओरडली.

तिसऱ्या वेळी तिनं "श्रीपतकाका" अशी हाक मारली.

मी घरात होतो. मी गेलो नाही.